करीच्या दिवसाची मुलाखत

आखाडा बाळापूर
१२ मार्च २००४

प्रिय अंजली,

प्रतिक्षा आज सकाळी सातच्या गाडीने हिंगोलीला मुलाखतीला गेली. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स मी स्वतः क्रमाने लावून दिल्या आहेत, दोन पेनं दिली आहेत, हातावर दही ठेवलं. तेव्हा काळजी करू नकोस. आठ दिवसांपूर्वी तिला माझ्याकडे पाठवताना तू लिहिलं होतंस की माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतली जागा आहे, आणि माझ्याइतकी तयारी तिच्याकडून दुसरं कुणी करून घेणार नाही. ते खरंच आहे. सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे, एवढं तर यायलाच हवं.

पोरगी हुशार आहे, पण घाईची. एक विचारलं की तीन सांगते. पहिले दोन दिवस मी तिला फक्त थांबायला शिकवलं. मग मातीचा नमुना शेतातून कसा घ्यायचा, बांधाजवळचा का घ्यायचा नाही, सामू म्हणजे मातीचा पीएच कसा पाहायचा, हे सगळं तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. ब्युरेट हातात नसतानाही ती हवेत अंगठा फिरवून दाखवते आणि स्वतःच हसते. हसण्यात तुझ्यावर गेली आहे.

चौथ्या दिवशी मी विचारलं की या कामात का यावंसं वाटलं. ती म्हणाली, आईमुळे. मग तुमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितली जाणारी गोष्ट तिने मला सांगितली. शहात्तर साल, परभणीची प्रयोगशाळा, जागा एक आणि बोलावलेल्या मुली दोन. मुलाखत नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. तरीही आई गेली. साहेबांनी विचारलं, खारवट जमीन नुसत्या डोळ्यांनी कशी ओळखाल? आई म्हणाली, मेंढ्या जिथे थांबून जमीन चाटतात तिथे. साहेब खूश झाले, जागा आईला मिळाली.

मी ऐकत होते. मेंढ्यांचं ते मला आमच्या डोंगरकडा गावच्या सोनाजी धनगराने दाखवलं होतं, आणि नांदेडच्या वसतिगृहात मी ते तुला सांगितलं होतं. तरी म्हटलं, असू दे. ऐकलेलं माणूस वापरतंच. पुढचं तिने सहज सांगितलं. साहेबांनी आईला विचारलं होतं की दुसऱ्या बाई का आल्या नाहीत. "आई म्हणाली, त्यांचं लग्न ठरलंय, त्यांना नोकरी करायची नाही."

दुसरी बाई कोण, हे तिला ठाऊक नाही. तू नाव कधी सांगितलं नाहीस.

माझं लग्न तेव्हा ठरलेलं नव्हतं, अंजली. आणि मी घरात त्या एका दिवसासाठी चार दिवस भांडत होते. माझी आई म्हणत होती, "करीला बैल बी जुपत न्हाईत, आन् तू कुटं चालून राहिलीस?" शेवटी माझा भुजंगदादा सोबत यायला तयार झाला, आईही गप्प बसली. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझी चिठ्ठी आली. तू परभणीत मामांकडे होतीस, प्रयोगशाळा तिथून हाकेच्या अंतरावर. लिहिलं होतंस की कर आहे म्हणून साहेबांनी मुलाखत एक दिवस पुढे, शुक्रवारी ठेवली आहे. आईला किती आनंद झाला! म्हणाली, "बघ, साहेब बी माणसंच हायेत."

मी रसायनशास्त्राची पदवीधर, सरकारी शिक्क्याचं पत्र जवळ होतं, त्यावर गुरुवार लिहिलेला होता. पण आपल्याकडे करीला कुणी चांगल्या कामाला हात लावत नाही, त्यामुळे ते मला इतकं बरोबर वाटलं की शंकाही आली नाही. तू बाहेरची असतीस तर असं खोटं तुला सुचलं नसतं, आणि मी बाहेरची असते तर फसले नसते.

शुक्रवारी तू मला प्रयोगशाळेच्या दारातच भेटलीस. डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस की साहेबांनी ऐनवेळी परत बदल केला, कळवायला वेळच मिळाला नाही. मी तुझीच समजूत घातली. घरी जाऊन मात्र आईवर तोंड सोडलं. तुझ्या करीनेच घात केला, असं म्हणाले आणि पुढे कित्येक महिने तिच्याशी धड बोलले नाही. ती एक्याण्णव साली गेली. शेवटच्या आजारातही म्हणायची, "माजंच तोंड आड आलं, लेकरा." मी तिला एकदाही 'तसं नाही गं' म्हटलं नाही.

प्रतिक्षाला त्याच दिवशी परत पाठवावं, असं मनात आलं होतं. पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला एवढंच सांगितलं की आईचं उत्तर अर्धं आहे. मेंढ्या चाटतात ती पांढरी खारवट जमीन. तिला निचरा करून पाण्याने धुता येतं. चोपण जमीन वेगळी, काळी, कडक, तिला जिप्सम लागतं, आणि ती मेंढ्यांवरून नाही, सामूवरूनच कळते. वसतिगृहात मी तुला पहिलाच भाग सांगितला होता. दुसरा सांगायचा राहून गेला, तो तुझ्या मुलीला दिला. आज विचारला तर ती बरोबर सांगेल.

हे सगळं मी पोटातच ठेवलं असतं. पण सकाळी गाडीत चढताना ती वळून म्हणाली, "मावशी, तुमाला एवढं येतं, मग तुमी काहून न्हाई केली अशी नोकरी?" मी म्हणाले की मुलाखतीच्या दिवशी मला ताप होता. शिकायला बसलेल्या पोरीशी मी आजवर खोटं बोलले नव्हते, ते आज तुझ्यासाठी बोलले. ती रविवारी घरी पोचेल. निकाल काहीही लागो, तिला समोर बसव आणि तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दे. दुसऱ्या बाईचं नावही सांग. त्यासाठीच हे पत्र.

आजवर 'तुझीच' लिहीत आले. आज नुसती,

रागिणी