धावदोऱ्यावरचा कोट

रविवार, सकाळ

धाकट्या,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. माझा गुडघा तुझी आठवण काढतो. थंडी पडली की त्याला जुनी माणसं आठवतात.

गेल्या सोमवारी कपाटात आपलं शाळेतलं कवितांचं पुस्तक सापडलं. दुपारभर खिडकीशी बसून वाचत होतो. एकाच खोलीत दोन इयत्ता भरायच्या, आठवतं? गुरुजींनी उभं केलं की तिसऱ्या कडव्याला माझी दातखीळ बसायची, आणि मागच्या बाकावरून तू पुढची ओळ पुटपुटायचास.

असो. लिहायचं हे नव्हतं.

त्याच दुपारी आमच्या टेलरमास्तरांचं दुकान फोडलं. आठ-दहा जण तोंडाला रुमाल बांधून आले, 'बाहेरच्यांनो, चालते व्हा' असं ओरडत. मशीन रस्त्यावर आपटलं. लोखंडी गज घालून मास्तरांचा उजवा हात मनगटात मोडला. तीस वर्षं सबंध गल्लीची मापं घेतलेला हात. त्यांचा देव निराळा, बोली निराळी, एवढाच गुन्हा.

संध्याकाळी आम्ही सगळे जिन्यात जमलो. प्रत्येकाचं काही ना काही दुकानात अर्धवट पडलेलं. कोणीतरी म्हणालं, दुसरीकडे शिवून घेऊ. तर नर्सबाई कडाडल्या, "खबरदार! मास्तरांचा हात बरा होईपर्यंत त्या कपड्यांना दुसऱ्याची सुई लागायची नाही. आहेत तसे घालायचे."

"अहो बाई, माझ्या शर्टाला एकच बाही आहे!" पोस्टमन म्हणाला.

"मग? टपाल काय दोन्ही हातांनी वाटता?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून गल्ली अर्धवट कपड्यांत कामाला जाऊ लागली. बँकेतला कारकून सदऱ्याला गुंड्यांऐवजी टाचण्या लावून काउंटरवर बसला. कोणी हसलं की सांगायचं, 'आमच्या मास्तरांचा हात मोडलाय. कोणी मोडला, ते विचारा.' माझा कोट नुसत्या धावदोऱ्यावर आहे, पांढरे टाके लांबून दिसतात. तो घालून मीही मिरवत होतो.

शुक्रवारी मास्तर हात गळ्यात बांधून इस्पितळातून आले आणि आम्हाला बघून भडकलेच. "धावदोऱ्यावर गिऱ्हाईक बाहेर सोडलं म्हणतील लोक! माझी अब्रू काढता काय?" मग माझ्या शेजारी टेकले, डाव्या हाताने माझ्या कोटाचा टाका चाचपत. हळूच म्हणाले, "काका, तुमची खिडकी बरोबर समोर. पोलिसांना काय सांगितलंत?"

"डोळ्यांवर चष्मा नव्हता," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि उठले.

धाकट्या, चष्म्याशिवाय मी कविता वाचतो का?

त्या रुमालवाल्यांतल्या एकाच्या अंगात निळं जाकीट होतं. खिशांच्या झडपा पिवळ्या. गेल्या वर्षी तुझा लेक, आपला चिमणा, माझ्याकडे राहिला होता, तेव्हा हट्टाने शिवून घेतलेलं. दुकानात पिवळं कापड नव्हतं, म्हणून मास्तरांनी घरच्या पडद्याचा तुकडा लावला होता. गज त्याच्याच हातात होता. मी खिडकी लावून घेतली.

आपली शिवण न ओळखणारा शिंपी असतो का? मास्तरांनी ओळखलंय. पण त्यांनी नाव घेतलं तर 'बाहेरच्याचा कांगावा' होईल, हे त्यांना ठाऊक आहे. ते माझी वाट पाहताहेत.

ज्याला खांद्यावर बसवून कविता शिकवल्या, त्याचं नाव चौकीवर कसं घ्यायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. पण उद्या दहाला मी जाणार. तुला फोन लावला होता. तू 'हॅलो, दादा?' म्हणालास आणि मी ठेवून दिला. म्हणून पोस्टमन हे पत्र आजच हातोहात घेऊन येतोय. त्याचा एक हात उघडा दिसेल. त्याला चहा दे, आणि चिमण्याला त्याच्यासमोर बसव.

तू चिमण्याला घेऊन आलास, तर आपण तिघं मिळून जाऊ. नाही आलास, तरी मी जाईन.

पुन्हा तिसऱ्या कडव्याशी उभा आहे रे. या खेपेला पुढची ओळ मला येते. फक्त मागच्या बाकावर तू असावंस, एवढंच वाटतं.

चष्मा लावून लिहिलेलं,
तुझा दादा