स्पूलच्या रांगेत थांबलेल्या एका जेवणाच्या कार्डाविषयी

प्रति,
मा. श्रीमती लॉरेन पाव्हलिक,
व्यवस्थापक, संगणक विभाग,
सेंट ओडिलिया रुग्णालय,
डुलूथ, मिनेसोटा.

विषय : डिस्कवरील स्पूलची जागा पेजिंगकडे वर्ग करताना एक सिलिंडर वगळण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ३ फेब्रुवारी १९८६ चा आदेश.

महोदया,

उपरोक्त आदेशान्वये येत्या रविवारी सकाळी दहा वाजता स्पूलचे साठ सिलिंडर पेजिंगला द्यावयाचे असून ते काम माझ्याकडे सोपविण्यात आले आहे. त्यासंबंधी नम्रपणे सादर करतो की,

१. आपण नोंदणी विभागातून गेल्याच महिन्यात इकडे आलात, म्हणून थोडे खुलाशाने लिहितो. मशीनच्या मेमरीत न मावणारे काम तात्पुरते डिस्कवर ठेवले जाते, ते पेजिंग. त्याची जागा कमी पडली की डॉक्टरांची टर्मिनले रखडतात. छापायचा मजकूर प्रिंटर मोकळा होईपर्यंत डिस्कवर थांबतो, तो स्पूल. डिस्कवरची जागा 'सिलिंडर' या मापात मोजतात. डिस्क तेवढीच, एकाला दिले की दुसऱ्याचे जाते. अकरा वर्षे ही वाटणी मी करीत आलो आहे. डॉक्टरांची तक्रार खरी आहे आणि आपला आदेश योग्य आहे, हे आधीच मान्य करतो.

२. मात्र वाटणी बदलली की मशीन 'कोल्ड' सुरू करावे लागते आणि स्पूलमध्ये थांबलेले सर्व पुसले जाते. एरवी मी 'वॉर्म' असे टाइप करतो. मग थांबलेले तसेच राहते. १९ ऑक्टोबर १९८४ पासून स्पूलमध्ये एक फाइल थांबलेली आहे. एक कार्ड, सात ओळी. खोली ४१२, आर्डिस क्विस्ट. आर्डिस माझी पत्नी; तेव्हा ती येथेच दाखल होती.

३. त्याच्या आदल्या दिवशी मी असेच साठ सिलिंडर पेजिंगला दिले होते. आदेश नव्हता, माझाच निर्णय होता. दुसऱ्या दिवशी स्पूल भरला, छपाई अडली आणि रुग्णांच्या जेवणाची पिवळी कार्डे स्वयंपाकघरात पोचलीच नाहीत. तेथील डोलोरेसबाईंचा फोन आला, "वेंडेल, कार्डं नाहीत तर मी ताटात काय वाढू, तुझं मशीन?" अखेर सर्वांना सरसकट एकच जेवण गेले. आर्डिसने तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपणहून काही मागितले होते : डब्यातले पीच, थंड. काम आटोपून मी वर गेलो, तेव्हा लिंबाची जेली बाजूला सरकवून ती म्हणाली, "काय रे, तुझ्या मशीनने माझे पीच खाल्ले ना?" आणि हसली. मी म्हटले, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधीच ती गेली.

४. अडकलेली बाकीची कार्डे रद्द करण्यात आली. हे एक मी रोखून ठेवले. तीस दिवसांवरची फाइल काढून टाकावी हा नियम मीच लिहिला आहे आणि सोळा महिने मीच तो मोडत आहे. माझे सहकारी श्री. रिक डाल म्हणतात, "छापून पाकिटात ठेव ना बाबा, दर वेळी मशीन सुरू करताना आमच्या जिवाला घोर!" परंतु छापले की फाइल रांगेतून जाते. टेपवर उतरवली तरी रांगेतून जातेच. रांगेत आहे तोवर आर्डिसने मागितलेले अजून यायचे आहे. हे शहाणपणाचे नाही, हे मला कळते.

५. एक सिलिंडर वगळल्याने डॉक्टरांना काहीही फरक जाणवणार नाही. आकडे सोबत जोडले आहेत. तथापि येथवर लिहिल्यावर मला कबूल करणे भाग आहे की, एकदा 'कोल्ड' सुरू केल्यावर एक सिलिंडर राखून काहीच वाचत नाही. विभागातील नवशिक्यालाही हे ठाऊक असते. अकरा वर्षे हेच काम करणाऱ्याने तशी मागणी करावी, याची लाज वाटते. तरी वरचा विषय मी खोडलेला नाही. मला ती फार आठवते, एवढेच त्याचे कारण देता येईल.

६. सबब आता विनंती एवढीच, की ते कार्ड आधी छापू द्यावे. पिवळी कार्डे बंद झाली आहेत; एक मी जपून ठेवले होते, ते सोबत आहे. घरचा कागद प्रिंटरला लावण्यास मनाई आहे (नियम माझाच), म्हणून परवानगी मागतो. छापलेले कार्ड मला नको. ते डोलोरेसबाईंना द्यावे आणि रविवारी दुपारी ४१२ मध्ये जे कोणी असेल, त्यांना डब्यातले पीच पाठवावेत. थंड. त्यांच्या पथ्यात बसत नसतील तर शेजारच्या खोलीत. त्यासाठी कामाची वेळ दहाऐवजी साडेबारा करावी.

या वेळी स्पूलला पुरेशी जागा राखली आहे. कोणाचे कार्ड अडकणार नाही. ताट पोचल्याचा वरून फोन आला की मी स्वतः 'कोल्ड' टाइप करीन. ते काम दुसऱ्या कोणाला सांगू नये.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
वेंडेल क्विस्ट
डिस्क व्यवस्था, संगणक विभाग
दि. ६ फेब्रुवारी १९८६

सोबत :
१. पेजिंगचे आकडे, दोन पाने. (आता उपयोग नाही.)
२. पिवळे कार्ड, कोरे, एक. कृपया दुमडू नये.