हप्ता भरून उरलेले दीडशे

ती. काकांस,

तुमच्या लाडक्या (सध्या नावडत्या) पुतणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. आम्हीही ठीक आहोत, म्हणजे तुमच्या आठ पानी पत्रात तुम्ही आम्हाला ज्या अवस्थेत कल्पिलं आहे तितके वाईट नाही. पत्र दोनदा वाचलं. लाल शाईने अधोरेखित केलेलं वाक्य तीनदा: "डोक्यावर कर्ज असताना पतसंस्थेत बचत करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला गणित येत नाही." काका, मला गणित तुम्हीच शिकवलंत, तेव्हा दुसरा आरोप जरा जपून करा.

कर्ज आहे, हे मी कुठे नाकारते? आमच्या ह्यांनी व्यायामशाळा काढली आणि व्यायामाच्या सात सायकली आणल्या. सातही जागच्या जागी राहिल्या, पैसे मात्र फार लांब गेले. (एकीवर मी शिवलेले पडदे इस्त्रीआधी टाकते. सायकल भक्कम आहे, हे कबूल करायला हवं.) तेव्हापासून तीन ठिकाणचं देणं आहे: कापडवाल्याचं, महिना पाच टक्क्यांच्या सावकाराचं आणि तुमचं (काकूने माहेराहून आणून दिलेले ते वीस हजार). तिघांनाही हप्ता जातो. तुमचा एकदा चार दिवस उशिरा आला, त्यावर तुम्ही दीड पान खर्च केलंच आहे, म्हणून मी वेगळी माफी मागत नाही.

तर तिघांचं भागवून आठवड्याला दीडशे रुपये मी पतसंस्थेत टाकते. पहिल्या दिवशी तिथल्या खिडकीतल्या बाईंना मी तुमचाच प्रश्न विचारला होता, की हे दीडशेसुद्धा सावकाराला देऊन टाकले तर व्याज नाही का वाचणार. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "अडीनडीला सावकार ते दीडशे परत देतो का?" मी म्हटलं, नाही. "आम्ही देतो," म्हणाल्या आणि फॉर्म पुढे सरकवला. एवढंच भाषण. (तुमच्या मानाने फारच आखूड, पण माझा फॉर्म भरून झाला.)

आता मागच्या मंगळवारचं ऐका. एका दवाखान्याची चाळीस पडद्यांची ऑर्डर, शुक्रवारी पोचवायची, आणि सव्विसाव्या पडद्यावर शिलाई मशीनच्या मोटारीतून धूर. मेकॅनिकने मोटार उघडली, वास घेतला आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या आवाजात नवीन मोटारीचे तीन हजार दोनशे सांगितले. नेमका तेव्हाच सावकाराचा वसुलीवाला दारात, कारण मंगळवार त्याचा. माणूस तसा सभ्य, चपला बाहेर काढतो. त्याने हप्ता मोजून घेतला, उघड्या मोटारीकडे पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला छापील कागद काढला. "सही करा ताई, पाच हजार आत्ता देतो. तुम्ही काय परक्या आहात?"

काका, खोटं कशाला सांगू, माझा हात पेनाकडे गेला होता. ऑर्डर हातची गेली असती तर तिघांचेही हप्ते बुडाले असते, तुमच्यासकट. हे तर मेकॅनिकचा पाना पुसत बसले होते. पण दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर मी असल्याच कागदावर सही केली होती, त्यामुळे त्याचा शेवट मला पाठ होता.

मी म्हटलं, "नको. माझे पैसे आहेत." हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं असेन. पुरावा म्हणून खणातून पासबुकही काढून दाखवलं. ते पाहून सभ्य माणसाचा आवाज चढला. "ठेवायला पैसे आहेत, आणि आमचं देणं तसंच?"

"आजचा हप्ता मिळाला?"

"मिळाला."

"मग पावती द्या. उरलेल्याचं मी काय करते हे विचारायला तुम्ही माझे सासरे नाही."

पावती दिली त्याने. जाताना डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून गेला.

अठ्ठावीस आठवड्यांचे बेचाळीसशे साठले होते. त्यातले बत्तीसशे काढले, संध्याकाळी मोटार बसली आणि शुक्रवारी दुपारी चाळीसही पडदे दवाखान्यात टांगून आले. (एकाची लांबी दोन बोटं कमी भरली. तो एक्स-रेच्या खोलीत लावला, तिथे अंधारच असतो.) तुमचं गणित बरोबर आहे काका. मी देते ते व्याज जास्त, मला मिळतं ते कमी. फक्त तुमच्या गणितात मोटार कधी जळत नाही. खात्यात हजार उरले होते, काल त्यात पुन्हा दीडशे टाकून आले. तुम्ही आणखी आठ पानं लिहा, मी पुढच्या आठवड्यातही टाकणार.

पायांवर डोकं ठेवते, मत मात्र मागे घेत नाही.

तुमची,
धाकटी

ता.क. सावकाराचं सगळं देणं एकदम फेडायला पतसंस्था मला कर्ज देते आहे, वर्षाला बारा टक्क्यांनी. दोन जामीन हवेत आणि जामीन सभासदच लागतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची शाखा आहे. सभासदत्वाचा फॉर्म सोबत पाठवला आहे, सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. सभासदाला आठवड्याला किमान पन्नास रुपये बचत करावीच लागते, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक ता.क. पहिला जामीन मिळाला आहे: काकू. ती तिथे अकरा वर्षं सभासद आहे. मला देण्यासाठी तिने "माहेराहून आणलेले" वीस हजार तिच्या त्याच खात्यातले होते, आणि माहेरी परत करायला म्हणून तुम्ही माझा हप्ता दर महिन्याला तिच्या हाती देता, तो ती कोपऱ्यावरून वळून तिथेच भरून येते. तिच्यावर काय रागवायचं ते सावकाश रागवा, आधी तेवढ्या सह्या करा.