वळणावरचा माणूस

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर.

रविवारी कारखान्यातले आम्ही नऊजण सायकली घेऊन शहराबाहेरच्या अरुंद रस्त्यांनी फिरायला गेलो. इथे उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही. आमचा एक नियम आहे. वळण आलं की एकाने तिथे थांबून मागच्यांना वाट दाखवायची आणि शेवटचा गडी पुढे गेला की मगच निघायचं. दुसऱ्या वळणावर माझी पाळी आली.

सातजण गेले. राहिला आमचा जाडा वेल्डर, तो काही येईना. मी निघून गेलो तर बिचारा वाट चुकणार, म्हणून उभाच राहिलो. तीन तास! सावलीला झुडूप नाही, फोन मुकादमाच्या पिशवीत.

शेवटी मुकादमच शोधत आला. म्हणाला, "अरे, तो केव्हाच शेतातून आडवाटेने आला. जेवून झोपलाय!" पुढे पोचलो तर सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, करतो काय?

ताईने लिहिलंय, तू दुपारपासून रस्त्याकडे बघत पायरीवर बसतेस आणि हाक मारली तरी उठत नाहीस. खरं का गं? गुडघा कसा आहे?

रजेचा अर्ज परत आलाय. साहेब म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात बघू. गेल्या उन्हाळ्यातही हेच म्हणाले होते.

आई, उन्हात बसू नकोस, आत जा. मला शोधायला निदान मुकादम तरी आला होता.

तुझाच,
धाकटा