माहेरी नसलेली विहीर

जळगाव, ता. ३ मार्च १९५३
काल वाचनालयात यांनी कविता म्हटली. ‘उंबऱ्यावर पाय ठेवला, मागे राहिली माहेरची सावली.’ टाळ्याच टाळ्या. हेडमास्तर म्हणाले, "बाईचं मन ओळखावं तर आमच्या मास्तरांनी!" मला नाही पटलं. पुरुषाला कसलं आलंय माहेर? कुठल्या बाईनं सांगितलं यांना? मी तर नाही. लग्नाला दीड वर्ष झालं, मला कुणी विचारलेलंसुद्धा नाही.

७ मार्च
हे धुळ्याला जाऊन आले. महिन्यात दुसऱ्यांदा. कोटाचे खिसे पाहिले. तपकिरीची डबी, मोटारीचं तिकीट. लाज वाटली. तरी आतला खिसाही पाहिलाच.

१२ मार्च
गळ्यातला चांदीचा टाक टोचतो. यांची पहिली, द्वारकाबाई, तिचा. मेलेल्या सवतीला दुसरीनं गळ्यात वागवायचं, अशी रीत. सकाळी कुंकू आधी तिला, मग मला. कविता तिच्यावरच असणार. जिवंत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. मेलेलीशी कसं भांडायचं?

२ एप्रिल
सासूबाईंबरोबर वाळवणाचे बिबडे थापायला बसले. थापता थापता त्या गुणगुणायला लागल्या, ‘पाय ठेवा उंबराले, मांगे ऱ्हायनी माहेरनी साउली...’ माझा हात थांबला.
"हे गाणं कुणाचं?"
"द्वारकानं शे. सोताच रचे ती. आखाजीना सनले झोकावर बठ्ठ्या पोरी तेच म्हनेत. तिले लिव्हता कोठे ये?"
लिहिता येत नव्हतं. बरं फावलं यांना.

३ एप्रिल
यांची वही उघडली. अठरा कविता, खाली अठरा वेळा यांचं नाव. सासूबाईंना वाचून दाखवल्या. अकरा द्वारकाबाईंच्या निघाल्या. बाकीच्या सात कुणाच्या? धुळ्याच्या कुणाच्या?

६ एप्रिल
यावलच्या अक्काला पत्र लिहिलं. टाकायला यांच्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. त्यात मुद्दाम एक ओळ: ‘आपल्या माहेरच्या विहिरीत वाकून मी हाक मारायची. आता ती माझा आवाज विसरली असेल.’

१५ एप्रिल
अक्काचं उत्तर. ‘कोणती विहीर गं? आपण नदीचं पाणी प्यायलो. ताप तर नाही ना अंगात?’ खूप हसले. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

२६ एप्रिल
वाचनालय. नवी कविता, ‘विहीर’. पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. यांचाही आवाज कापला. खरा कापला, की तोही कुणाकडून उचलला? आणि मी मेली, माझीच थाप, तरी ढसाढसा रडले. अशी विहीर असती तर, असं वाटलं.
घरी येताना म्हणाले, "कशी झाली?" चेहऱ्यावर काही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या तर तेही दिसेना.

२७ एप्रिल
आज टाकाला हळदकुंकू वाहिलं ते रीत म्हणून नाही. द्वारकाबाई, तुमचं काही राहिलं नाही हो. उद्या मी गेले की तिसरीच्या गळ्यात माझा टाक, आणि माझी विहीर यांच्या नावावर.
तुमच्या अकरा गाण्यांखाली तुमचं नाव लिहिलंय, शाईनं.
ही माझी रोजची वही यांच्या वहीवर ठेवते आहे. हे चारला शाळेतून येतात. येऊन वाचतील. पहिल्यांदा माझं काहीतरी मला विचारून घेतील, की हेही...
पावणेचार झाले.