अर्धी वाटी ब्राह्मी

बाबा, आज पांढुर्ण्याच्या दुकानातला ब्राह्मीचा डबा घासायला काढला. झाकणाला आतून तुमच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली आहे, ‘सावलीत’. एवढंच. ती माझ्यासाठीच होती, हे मला ठाऊक आहे.

मोहगावकडच्या संत्र्याच्या बागेतून, पाटाच्या कडेची ब्राह्मी मी पहिल्यांदा एकट्यानं खुडून आणली होती. लवकर वाळावी म्हणून उन्हात, छपराच्या टिनावर पसरली. दुपारी तुम्ही अंगणात उभे, कपाळावर हात धरून वर बघताय. “काय करून राहिला बे? ब्राह्मी वाळवून राहिला का पापड?” सैपाकघराच्या दारातून आई म्हणाली, “आणा इकडे, तळून देते.” तुम्ही हसला नाहीत. एक पान माझ्या जिभेवर ठेवलं. गवतासारखं लागलं. “कडूपणा गेला, म्हणजे औषध गेलं,” म्हणालात आणि अख्खा ढीग उकिरड्यावर टाकलात.

तुम्ही शिकवलंत ते तेवढंच. बाकी माझं मी शिकलो. जुनी पुस्तकं आणून, पानं ताडून. भिंतीवर सर्टिफिकेट नाही, पण सौसरहून लोक झाडपाला ओळखून घ्यायला माझ्याकडे येतात. गोल पानाची मंडूकपर्णी कोणी ब्राह्मी म्हणून आणली तर मी ती परत करतो. माझ्या दुकानात ब्राह्मी म्हणजे लहान, जाडसर पानाचीच.

आणि आता आई विसरून राहिली आहे. नातीचं नाव, चुलीवरचं दूध, स्वतःचं घर. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ब्राह्मीचं विचारलं तर म्हणाले, “द्या, पण गेलेलं परत येईल असं धरून बसू नका.” मी धरून बसलो आहे. रोज सकाळी तोलून काढा करतो, वाटीभर. ती अर्धी पिते आणि वाटी माझ्यासमोर धरते. “हे तुह्या बाबाले ठेव. बाजारातून थकून येतीन.”

पहिल्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. तिनं ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. दिवसभर रडली. दुसऱ्या सकाळी डोळे सुजलेले, पण का ते तिला आठवेना, आणि वाटी पुन्हा अर्धी.

तेव्हापासून सांगितलं नाही. तिला आठवावं म्हणून मी हे पान उकळतो; आणि ते लागू पडलं, तर तिला आधी हेच आठवेल की तुम्ही गेलात. गिऱ्हाइकाला चिमूटभर कमी घेऊ देत नाही मी, पण तिला ‘पूर्ण पी’ म्हणायला तोंड उघडत नाही. घरात तुमची वाट बघणारं माझ्याशिवाय आणखी कोणी आहे, हे मला सोडवत नाही.

हा कागद तुमच्या चिठ्ठीखाली, डब्यातच ठेवतो. “घेतलं काय त्यायनं?” ती विचारते. मी हो म्हणतो. ओतून द्यायला हात होत नाही, म्हणून तुमची अर्धी वाटी मीच पितो. कडू असते, बाबा. सावलीत वाळवलेली आहे.