गाठी कशाच्या ते तूच ओळखलंस

ठमे,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

सोमवारी दूधवाल्या काकूंच्या गाईच्या अंगावरच्या गाठींचे फोटो तू मोबाईलवरून प्रयोगशाळेकडे रोगाच्या नोंदीसाठी पाठवलेस, तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडलो होतो, "गोचीड चावलेत! मोबाईलवर धडे बघून कुणी डॉक्टर होत नसतं." तीस वर्षं जनावरं तपासतोय, त्याचा तोरा होता. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोललेली नाहीस.

आत्ता प्रयोगशाळेतून फोन आला. लम्पीच निघाला. तुझे फोटो पाहूनच त्यांनी नमुने मागवले होते, त्यामुळे रोग अजून त्या एकाच गोठ्यात आहे. माझ्या भरवशावर राहिलो असतो तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले असते.

काकूंच्या आसपासच्या गोठ्यांतल्या गुरांना टोचायला मी लस घेऊन पुढे जातोय. काकूंना फोनवर सांगून टाकलं, "रोग माझ्या लेकीनं ओळखला, मी नाही." सांगताना छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

जेवण झाकून ठेवलंय, ते खाऊनच ये. तुझे गमबूट धुऊन दाराशी ठेवलेत. दुपारी तिथं पाहणीला आमच्या खात्याचे मोठे साहेब येणार आहेत. ते विचारतील त्याची उत्तरं तू दे. मी लसीची पेटी धरून मागे उभा राहतो.

बाबा